चटईपासून कासवापर्यंत: मुलांसोबत कागदी विणकामाचे प्राणी

कागदाची चटई विणताना पहिली पट्टी कोणतेही मूल सहज घालते. खरी अडचण दुसऱ्या पट्टीला येते. पहिली पट्टी एका उभ्या पट्टीवरून आणि पुढच्या पट्टीखालून अशी शेवटपर्यंत गेली की मुलाला पद्धत समजली असे वाटते, आणि मग ते दुसरी पट्टीही अगदी त्याच क्रमाने घालते. दोन्ही पट्ट्या एकाच वाटेने गेल्यामुळे वीण धरत नाही आणि दोन्ही एकत्र सरकून बाहेर येतात. दुसऱ्या ओळीत क्रम उलटा करायचा असतो, ही एवढी एक गोष्ट हाताला समजली की मासा, बैलाची झूल आणि कासवाची पाठ यांत नवीन शिकण्यासारखे फार थोडे उरते. म्हणून प्राणी करण्याच्या घाईत चटईची पायरी वगळू नये. पुढे जे चार प्राणी सांगितले आहेत ते विणीच्या सोयीने निवडलेले आहेत, म्हणजे ज्यांच्या अंगावर चौकटी, खवले किंवा वळसे शोभून दिसतात असे. सशाच्या किंवा मांजराच्या अंगावर ओढूनताणून चटई बसवण्यात मला तरी काही मौज वाटत नाही.

कागद विणण्याचा हा उद्योग बालशिक्षणात जुना आहे. जर्मनीत फ्रीड्रिख फ्रोबेल यांनी १८३७ मध्ये लहान मुलांसाठी जी संस्था सुरू केली आणि १८४० मध्ये जिला किंडरगार्टन हे नाव दिले, तिच्या हस्तव्यवसायांत कागदी पट्ट्यांचे विणकाम होते, आणि तेथूनच ते जगभरच्या बालवाड्यांत पसरले. आपल्याकडे मात्र मुलांना विणीची ओळख करून देण्यासाठी इतक्या दूर जाण्याची गरज नाही. घरात सूप, टोपली किंवा परडी असेल तर ती कामाला बसण्यापूर्वी मुलांच्या हातात द्यावी आणि एखादी कामटी कोठे वर येते व कोठे खाली जाते हे बोटाने शोधू द्यावे. नवारीची खाट असेल तर फारच उत्तम, कारण तिच्या पट्ट्या रुंद असतात आणि वीण लांबूनही वाचता येते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डी येथे आणि पुढे कोसबाड येथे बालवाडीचे काम करताना परिसरात मिळणाऱ्या वस्तूंनाच शिक्षणाचे साधन बनवले, त्याच रीतीने कोकणातील घरी कागदाऐवजी माडाच्या ओल्या पातींवरही पहिला सराव करता येतो. त्या पाती कागदापेक्षा चिवट असतात आणि चुकले तरी फाटत नाहीत.

साहित्याबद्दल थोडे तपशिलाने सांगणे आवश्यक आहे, कारण कागद चुकीचा निवडला तर कौशल्य असूनही काम बिघडते. ज्यात काप घालायचे तो उभा भाग, म्हणजे विणकराच्या भाषेतील ताणा, थोडा जाड हवा. त्यासाठी कार्डशीट उत्तम, आणि ते नसल्यास जुन्या कॅलेंडरचे पान किंवा मोठ्या लग्नपत्रिकेचा कागदही चालतो. आडव्या पट्ट्या, म्हणजे बाणा, त्यापेक्षा पातळ असाव्यात. घोटीव कागद दिसायला सुंदर असला तरी तो फार पातळ असतो आणि त्याची मागची बाजू पांढरी असते, त्यामुळे एकेरी पट्टी ओढताना तुटते आणि उलटली तर पांढरी दिसते. घोटीव कागदच वापरायचा असेल तर पट्टी हवी त्याच्या दुप्पट रुंद कापून मधोमध दुमडावी आणि चिकटवावी. मग दोन्ही बाजू रंगीत होतात आणि पट्टीला ताठपणाही येतो. वर्तमानपत्राचा कागद मी टाळतो, कारण मुलांच्या घामेजल्या बोटांना त्याची शाई लागते आणि तो ओढ सहन करत नाही.

कागदाच्या तंतूंना एक दिशा असते, आणि ती ओळखणे मुलांना फार आवडते. कागदाचा एक तुकडा लांबीच्या बाजूने आणि दुसरा रुंदीच्या बाजूने फाडून पाहावा. ज्या दिशेने तो जवळपास सरळ फाटतो ती तंतूंची दिशा होय. पट्ट्या या दिशेने लांब कापल्या तर त्या ताठ राहतात आणि कापांतून पुढे सारायला सोप्या जातात. आडव्या कापलेल्या पट्ट्या मध्येच वाकतात, आणि मुलाला मात्र वाटत राहते की चूक आपल्याच हाताची आहे.

चिकटवण्यासाठी बाजारचा डिंक चालतोच, परंतु घरी केलेली खळ या कामाला अधिक बरी पडते, कारण ती लगेच घट्ट होत नाही आणि चुकलेली पट्टी सोडवून पुन्हा लावता येते. एक चमचा मैदा थोड्या थंड पाण्यात गुठळ्या न राहता कालवावा, त्यात अर्धा कप पाणी घालून मंद आचेवर ढवळत राहावे आणि मिश्रण पारदर्शक दिसू लागले की उतरवावे. पुस्तकबांधणी करणारे खळीत कीड लागू नये म्हणून मोरचूद घालतात. मोरचूद विषारी असल्यामुळे मुलांच्या खळीत ते मुळीच घालू नये, आणि खळ दोन दिवसांत संपेल एवढीच करावी. याखेरीज बोथट टोकाची कात्री, मोजपट्टी, पेन्सिल आणि कपडे वाळत घालायचे चार-पाच चिमटे एवढे साहित्य पुरते. कटर लागलाच तर तो मोठ्यांनी वापरावा आणि काम झाल्याबरोबर मुलांच्या हाताबाहेर ठेवावा.

चटई, आणि तिची बैलावरची झूल

कार्डशीटचा १८ सेंटीमीटर लांब आणि १२ सेंटीमीटर रुंद असा तुकडा घ्यावा. १८ सेंटीमीटरची बाजू निम्मी होईल असा तो दुमडावा, म्हणजे घडी १२ सेंटीमीटर लांबीची येईल. घडीच्या समोरच्या उघड्या कडेपासून दीड सेंटीमीटर आत एक रेषा ओढावी. ही रेषा ओलांडून कात्री जाता कामा नये. आता घडीवर दर दीड सेंटीमीटरला खूण करून प्रत्येक खुणेपासून त्या रेषेपर्यंत सरळ कापावे. असे सात काप पडतात आणि कागद उलगडला की आठ उभ्या पट्ट्या दोन्ही टोकांना एकमेकींना जोडलेल्या दिसतात. घडीच्या बाजूने कापायचे की उघड्या बाजूने, यात पहिल्या वेळी हमखास गोंधळ होतो. उघड्या बाजूने कापले तर हातात ताण्याऐवजी झालर येते. म्हणून घडीवर लाल पेन्सिलीने एक जाड रेघ ओढून ठेवावी आणि कात्री नेहमी लाल रेघेपासून सुरू करावी.

आडव्या पट्ट्या दीड सेंटीमीटर रुंद आणि १४ सेंटीमीटर लांब कापाव्यात. हिशोबाप्रमाणे १५ सेंटीमीटरच्या कापांत अशा दहा पट्ट्या बसायला हव्यात. प्रत्यक्षात नऊ सुखाने बसतात आणि दहावी कोंबावी लागते, कारण वर-खाली होताना कागदाची जाडी थोडी जागा खाते. दहावी बसवण्याचा हट्ट धरू नये, कारण ती बसवताना उभ्या पट्ट्या फाटतात.

विणताना पहिली पट्टी पहिल्या उभ्या पट्टीवरून सुरू करावी आणि दुसरी खालून. मुलांना हे सांगण्याऐवजी दोन रंग द्यावेत: पिवळी पट्टी नेहमी वरून निघते आणि हिरवी नेहमी खालून. मग क्रम लक्षात ठेवण्याचा भार रंगावर जातो, आणि चूक झाली तर तीही रंगच दाखवतो, कारण चौकटींच्या रांगेत एके ठिकाणी दोन हिरव्या चौकटी एकाखाली एक येतात. अशी चूक दिसली की मोठ्यांचा हात आपोआप पुढे जातो; तो आवरावा. दोन ओळी झाल्यानंतर चटई थोडी लांब धरून मुलाला पाहू द्यावी. पाच-सहा वर्षांचे मूल बहुधा स्वतःच बोट ठेवून चूक दाखवते, आणि आपण दाखवलेल्या चुकीपेक्षा स्वतः सापडलेली चूक ते अधिक आनंदाने सोडवते. प्रत्येक पट्टी घातल्यावर ती दोन्ही हातांच्या बोटांनी मागच्या पट्टीला भिडेपर्यंत सारावी. ही सवय लागली नाही तर शेवटी सहाच पट्ट्या बसतात आणि मधून उजेड दिसतो.

चार वर्षांच्या मुलासाठी ही सर्व मापे मोठी करावीत: अडीच ते तीन सेंटीमीटर रुंदीच्या पट्ट्या आणि चार-पाच काप एवढे त्याला पुरते, आणि काप मोठ्यांनी आधीच घालून ठेवावेत, कारण एवढ्या लहान मुलाला कात्री सरळ रेषेत थांबवणे जमत नाही. आठ वर्षांपुढील मुलांना एक सेंटीमीटरच्या पट्ट्या देता येतात, आणि त्यांना साध्या विणीचा कंटाळा आला असेल तर दोन वर, दोन खाली ही वीण शिकवावी. तिच्यात प्रत्येक नव्या ओळीत सुरुवात एका पट्टीने पुढे सरकवायची असते, आणि मग चौकटींच्या जागी तिरप्या रेघा उमटतात. बांबूच्या तट्ट्यांवर दिसणाऱ्या पायऱ्यापायऱ्यांच्या रेघा बहुधा अशाच विणीच्या असतात.

चटई पूर्ण झाली की पट्ट्यांची टोके दोन्ही कडांना खळीने चिकटवावीत, त्यावर चिमटे लावून ती वाळू द्यावी आणि बाहेर आलेले कागद कात्रीने सारखे करावेत. हीच आपल्या बैलाची झूल. श्रावण सरताना बैलपोळा जवळ आलेला असतो आणि विदर्भात त्याच्या दुसऱ्या दिवशीच्या तान्ह्या पोळ्याला मुले लाकडी बैल सजवून मिरवतात, तेव्हा हा कागदी बैल करण्याची वेळ सहज साधता येते.

बैलासाठी ए-४ आकाराचे कार्डशीट रुंदीत दुमडावे, म्हणजे २१ सेंटीमीटर लांबीची घडी वर येईल. ही घडी म्हणजे बैलाची पाठ. घडीपासून आठ सेंटीमीटर खाली पोटाची रेषा धरून मधला ११ सेंटीमीटरचा भाग कमानीसारखा कापून टाकावा. पुढे आणि मागे पाच-पाच सेंटीमीटरचे पाय उरतात आणि बैल तंबूसारखा चार पायांवर उभा राहतो. डोके घडीच्या वर असल्यामुळे ते याच कागदातून कापता येत नाही. मान, डोके, शिंगे आणि वशिंड एकत्र असलेला वेगळा तुकडा कापावा, पाठीच्या घडीवर पुढच्या बाजूला चार सेंटीमीटरची चीर द्यावी आणि तो तुकडा चिरेत खोवून आतून चिकटवावा. वशिंड विसरू नये, कारण त्याच्याशिवाय आपला बैल परदेशी चित्रातल्या गाईसारखा दिसतो. गळ्याखाली लोंबणारे गळकंबळ थोडे लहरीदार कापले की चित्र पुरे होते.

आता झूल पाठीवर घालावी. तिचे काप पाठीला आडवे यावेत, म्हणजे नऊ-नऊ सेंटीमीटरचा भाग दोन्ही बाजूंना लोंबतो. झुलीला झालर हवी म्हणून खालची दीड सेंटीमीटरची अखंड पट्टी कातरण्याचा मोह मुलांना होतोच; ती कातरली की सगळा ताणा सुटतो, कारण त्याला धरून ठेवणारी तीच एक पट्टी असते. झालर वेगळ्या कागदाची कापून खाली चिकटवावी. शिंगांना लाल रंग आणि बेगडाची पट्टी, गळ्यात लोकरीत ओवलेली कागदी घुंगरे, नाकात दोऱ्याची वेसण हे सगळे मुलांच्या मर्जीवर सोडावे, आणि झूल मात्र चिकटवू नये. ती काढता-घालता आली तर खेळ अधिक दिवस टिकतो.

मासा: काप अंगातच

मोकळी चटई विणून ती माशाच्या आकारात कापण्याची चूक बहुतेक जण एकदा करतात. कात्री फिरताच पट्ट्यांची टोके सुटतात आणि मासा उसवू लागतो. त्याऐवजी माशाची बाह्यरेषा अखंड ठेवून फक्त पोटात काप घालावेत. आकारासाठी पापलेट सोयीचे आहे, कारण त्याचे अंग लांबट नसून उंच आणि पसरट असते आणि विणायला भरपूर जागा मिळते. रुपेरी पापलेट, ज्याला कोकणात सरंगा म्हणतात, २०२३ मध्ये महाराष्ट्राचा राज्य मासा म्हणून घोषित झाला आहे, हेही मुलांना जाता जाता सांगता येते. चौकटींसारखे ठळक खवले खरे म्हणजे रोहूच्या अंगावर दिसतात आणि पापलेटाचे खवले फार बारीक असतात, पण कागदी माशाला एवढी सूट द्यायला हरकत नाही.

ए-४ कार्डशीट लांबीत दुमडावे, म्हणजे घडी जवळपास ३० सेंटीमीटरची होईल. घडीवर अर्धा मासा काढावा: डावीकडे तोंड, मग २० सेंटीमीटर लांबीचे अंग, त्याची सर्वांत उंच जागा घडीपासून साडेआठ सेंटीमीटर, आणि उजवीकडे दुभंगलेली शेपूट. बाह्यरेषा कापल्यावर, घडी न उलगडता, अंगाच्या मधोमध दीड-दीड सेंटीमीटर अंतरावर आठ काप घडीपासून सहा सेंटीमीटर लांबीचे घालावेत. उलगडल्यावर प्रत्येक काप १२ सेंटीमीटरचा होतो. पट्ट्या दीड सेंटीमीटर रुंद आणि १५ सेंटीमीटर लांब अशा सात घ्याव्यात.

येथे आठ हा आकडा मुद्दाम घेतला आहे. पहिली पट्टी मागून सुरू करून पहिल्या कापातून वर आणावी, दुसऱ्यातून खाली न्यावी, आणि असे करत गेल्यावर ती आठव्या कापातून पुन्हा मागेच जाते. दुसरी पट्टी पहिल्या कापाला न शिवता दुसऱ्यातून वर येते आणि सातव्यातून खाली जाते. अशा रीतीने सर्व पट्ट्यांची दोन्ही टोके माशाच्या पाठीमागे राहतात आणि दर्शनी बाजूला एकही सांधा दिसत नाही. तिसरी पहिलीसारखी, चौथी दुसरीसारखी. टोके मागून चिकटवून त्यावर त्याच आकाराचा साधा कागद लावला की मागची बाजूही नीटनेटकी होते. पट्ट्यांपैकी दोन-तीन वेफर्सच्या पाकिटाच्या आतल्या रुपेरी बाजूच्या कापल्या तर पापलेटाची चमक येते. मात्र तो प्लास्टिकचा पदार्थ खळीने चिकटत नाही, त्यासाठी चिकटपट्टी वापरावी.

कासव, आणि अकरा पाकळ्यांचे कारण

या चार प्राण्यांत कासव मला सर्वांत आवडते, कारण येथे वीण सपाट राहत नाही. ती स्वतःच फुगून पाठ तयार करते. कार्डशीटवर १६ सेंटीमीटर व्यासाची बशी ठेवून वर्तुळ काढावे आणि त्याच्या मध्यभागी सुमारे पाच सेंटीमीटर व्यासाचे लहान वर्तुळ काढावे. बाहेरच्या कडेपासून आतल्या वर्तुळापर्यंत काप घालायचे आहेत, आणि पाकळ्यांची संख्या विषम असली पाहिजे. गोल वीण एकाच लांब पट्टीने सलग फिरत जाते. पाकळ्या सम असतील तर दुसऱ्या फेरीत पट्टी पहिल्या फेरीत ज्या पाकळीवरून गेली त्याच पाकळीवरून पुन्हा जाते, आणि चटईतल्या दुसऱ्या पट्टीची तीच जुनी चूक येथे आपोआप घडते. पाकळ्या विषम असतील तर फेरी पूर्ण होताच क्रम आपसूक उलटतो आणि मुलाला काहीही लक्षात ठेवावे लागत नाही. मोठ्या मुलांना आधी बारा पाकळ्यांवर विणू द्यावे आणि ते का धरत नाही हे त्यांनाच शोधायला सांगावे. हा शोध लागतो तेव्हा त्यांचे चेहरे पाहण्यासारखे असतात.

वर्तुळाचे अकरा सारखे भाग करणे मुलांना कठीण जाते. त्यावर सोपा उपाय असा की वर्तुळाला घड्याळ समजावे, बारा आकड्यांच्या जागी खुणा कराव्यात आणि बाराच्या खुणेवर काप घालू नये. अकरा काप पडतात, पाकळ्या अकराच होतात, आणि बाराच्या जागची पाकळी इतरांच्या दुप्पट रुंद राहते. ती कासवाच्या डोक्याची बाजू समजावी. प्रत्येक काप कडेपाशी अर्धा ते एक सेंटीमीटर रुंद अशा निमुळत्या त्रिकोणाचा करावा. नुसती चीर ठेवली तर पाकळ्या आत ओढल्या गेल्यावर एकमेकींवर चढतात.

बाण्यासाठी येथे साधा कागद चालत नाही, कारण सपाट पट्टी गोल वळताना चुरगळते. क्रेप कागद घ्यावा, तो ज्या दिशेने ताणला जातो त्या दिशेने लांब अशी एक सेंटीमीटर रुंद पट्टी कापावी, आणि दोन-तीन पट्ट्या जोडून सुमारे दीड मीटर लांबी करावी. क्रेपचा रंग ओल्या खळीत उतरतो आणि बोटांना लागतो, म्हणून येथे खळ न वापरता डिंकाच्या कांडीचा अगदी थोडा वापर करावा. पट्टीचे टोक एका पाकळीच्या मुळाशी खालच्या बाजूने चिकटवावे आणि वर, खाली, वर, खाली असे विणत जावे. पहिल्या फेरीत पट्टी सैल ठेवावी. दुसऱ्या फेरीपासून ती हलकेच ओढत राहावी, म्हणजे पाकळ्या आत झुकू लागतात आणि कागद वाटीसारखा होतो. जोराने ओढल्यास वाटी वेडीवाकडी होते. ओढ सगळीकडे सारखी राहावी म्हणून विणताना हातातले वर्तुळच फिरवत न्यावे आणि बोटे एकाच जागी ठेवावीत. चार-पाच फेऱ्यांनंतर पाकळ्यांची सुमारे दीड सेंटीमीटरची टोके उरली की थांबावे आणि पट्टीचे शेवटचे टोक आत खोवून चिकटवावे.

वाटी उपडी केली की ती कासवाची पाठ. खालच्या भागासाठी तेवढ्याच आकाराचा दुसरा कागद घेऊन त्यातच डोके, चार पाय आणि लहानशी शेपटी काढून तो अखंड कापावा. पाकळ्यांची टोके आत दुमडून त्यावर चिकटवावीत. कासव जमिनीवरचे आहे की समुद्रातले, हे मात्र आधी ठरवावे. जमिनीवरच्या कासवाचे पाय आखूड आणि जाडजूड असतात. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळासच्या किनाऱ्यावर अंडी घालायला येणाऱ्या ऑलिव्ह रिडले कासवांसारखे समुद्री कासव करायचे असेल तर पायांच्या जागी वल्ह्यांसारखे पर काढावेत आणि त्यांतील पुढचे दोन मागच्यांपेक्षा लांब ठेवावेत. ज्या मुलांनी तेथे वाळूतून समुद्राकडे धावणारी पिले पाहिली आहेत ती पोस्टकार्डाएवढ्या कागदावर तळहाताएवढी कासवे करून पाहतात, पण त्या मापात क्रेपची पट्टी अर्ध्या सेंटीमीटरची लागते आणि पाकळ्या सातांपेक्षा जास्त घेऊ नयेत.

साप

काटेकोरपणे पाहिले तर साप हे विणकाम नाही, कारण त्यात ताणा नाही. दोनच पट्ट्या आळीपाळीने एकमेकींवर दुमडायच्या असतात. तरीही नागपंचमीच्या सुमाराला लहान मुलांना तो द्यावा, कारण तो अर्ध्या तासात होतो. दोन रंगांच्या दोन सेंटीमीटर रुंद पट्ट्या घ्याव्यात आणि तीन-तीन जोडून प्रत्येकी जवळपास ८५ सेंटीमीटर लांब कराव्यात. दोघींची टोके काटकोनात एकावर एक चिकटवावीत. त्यानंतर नियम एकच आहे: जी पट्टी खाली आहे ती वरच्या पट्टीवर दुमडायची आणि घडी चौकोनाच्या कडेला अगदी लागून घालायची. तंतूंच्या दिशेबद्दल वर जे सांगितले ते येथे उलटे लागू पडते. घड्या कुरकुरीत बसाव्यात यासाठी पट्ट्या तंतूंना आडव्या कापलेल्या बऱ्या. घडी चौकोनाच्या कडेपासून थोडी जरी सुटली तरी साप एका बाजूला वळू लागतो, आणि काही मुले हे कळल्यावर मुद्दाम तसे करून वेटोळे मिळवतात. ते त्यांना करू द्यावे.

शेवटचा चौकोन चिकटवला की वेगळ्या कागदाचा फणा पुढे लावावा, त्यावर नागाची ओळख असलेली दहाच्या आकड्यासारखी खूण काढावी आणि दुभंगलेली लाल जीभ खाली चिकटवावी. श्रावणातल्या दमट हवेत कागद ढिला पडून घड्यांची उसळी जाते. सापाची अशी अवस्था झाली तर त्याच्या घड्या मिटवून तो रात्रभर जड पुस्तकाखाली ठेवावा आणि सकाळी फण्याला दोरा बांधून टांगावा.